न लावलेला अंगठा

मिलला टाळं लागलं त्या आठवड्यात गेटवर रोज सभा व्हायची आणि रोज एकच गोष्ट सांगितली जायची. कोणी पैसे घेऊन आला आणि कागद पुढे केला, तर अंगठा लावायचा नाही. सहीपण नाही. लावला की हक्क गेला. थकलेला पगार, फंड, ग्रॅच्युइटी, सगळं पाण्यात. आमचा पुढारी फाटकाच्या खांबावर चढून ओरडायचा, "भूखे मर जाना, पर अंगूठा मत लगाना!" आम्ही टाळ्या वाजवायचो. मरायचं थोडंच होतं तेव्हा, टाळ्याच तर वाजवायच्या होत्या.

मी साचाखात्यात होतो, म्हणजे माग चालवायचो. वडीलही त्याच खात्यात. ते खानदेशातून इंदूरला आले ते मिलसाठीच. मी मराठी शाळेत पाचवीपर्यंत गेलो, मग बदलीवर लागलो, मग पक्का झालो. दुसरं काही मला येत नव्हतं, आजही येत नाही. तुटलेला धागा मी डोळे मिटून जोडायचो. बाहेरच्या दुनियेत त्याचं कोणाला काय?

शेजारच्या मागावर माझा जोडीदार होता. महूच्या पुढे मानपूरकडच्या एका खेड्यातला, मालवी माणूस. वीस वर्षं आम्ही एकाच डब्यात जेवलो. टाळं लागल्यावर सहा महिन्यांनी मिलकडून एक बाबू आला. बॅगेत थोडे पैसे, हातात कागद. "बाकी कुछ नहीं, बस यहाँ अंगूठा." जोडीदाराने लावला. त्याची आई गावात आजारी होती. आम्ही सगळ्यांनी त्याला फाटकावरच हिणवलं, सगळ्यात जास्त मी. 'अंगठेबहाद्दर' हे नाव मीच ठेवलं. तो हसला. म्हणाला, "ठीक है भिया, तू बैठ हक लेके." आणि गावी निघून गेला.

मी हक्क घेऊन बसलो.

इंदूर आमच्याशिवायच मोठं व्हायला लागलं. काचेची दुकानं आली, नव्या गाड्या आल्या, घराघरात केबल आलं. मी रात्री सराफ्यात भरणाऱ्या खाऊगल्लीत एका चाटवाल्याकडे प्लेटा धुतल्या. कपड्याच्या एका दुकानाबाहेर स्टुलावर बसून चौकीदारी केली. कपडा कुठल्या मिलचा ते लांबून ओळखायचो आणि गप्प बसायचो. बायको पापड लाटायची, शेवेच्या कारखान्यात पाकिटं भरायची. तरी एक दिवस घरमालकाने आमचं सामान ओट्यावर काढून ठेवलं. तेव्हा ज्याला मी अंगठेबहाद्दर म्हटलं त्यानेच निरोप धाडला. त्याच्या शेतावर एक खोली रिकामी होती. राखण करायची, निंदणी-कापणीला हात लावायचा, भाडं नाही. आम्ही गेलो. बसस्टँडवर मला बघून तो म्हणाला, "आओ सेठ. मिल लाए कि वहीं छोड़ आए?"

मिल मी आणली होती. पत्र्याच्या एका डब्यात माझा नंबर ठोकलेला पितळी बिल्ला, हजेरीचं कार्ड आणि कोर्टातल्या केसचा कागद. आम्हाला मूल झालं नाही. घरी कोणी आलं आणि मुलाबाळांचं विचारलं की बायको सांगायची, "दुसऱ्यांकडे पोरं असतात, आमच्याकडे क्लेम आहे. तोही अजून कमवायला लागला नाही."

अशी ती बोलायची. हसत बोलायची म्हणून मला राग यायचा नाही.

तिला साखर निघाली ती महूच्या डॉक्टरकडे. रोज दोन वेळा गोळी, आणि पायांना जपायचं, असं त्याने सांगितलं. गोळ्यांचं पान महिन्याचं असायचं, ते ती दोन महिने पुरवायची. अडकित्त्याने गोळी मधोमध कातरायची, जशी सुपारी कातरतात. मी विचारलं तर म्हणाली, "मला साखर पण अर्धीच आहे." मी हसलो. मजुरीत घर चालायचं नाही, आणि गोळी काय, दिसत थोडीच होती कमी पडलेली.

मिल बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा एका संस्थेची माणसं गावात आली. एक पोरगी होती, खांद्याला झोळी, आणि तिच्यासोबत एक चष्मेवाला. शाळेत सभा घेतली. म्हणाले, या गावातल्या प्रत्येक माणसाला दर महिन्याला पैसे मिळतील. बाईला वेगळे, बाप्याला वेगळे, पोरांचे आईच्या हातात. सरळ तुमच्या खात्यात. मध्ये सरपंच नाही, बाबू नाही. वर्षभर, कदाचित थोडं जास्त. कशावर खर्च करायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. आम्हाला फक्त बघायचं आहे की त्याने काय फरक पडतो.

कोणीतरी विचारलं, "और बदले में?"

पोरगी म्हणाली, "बदले में कुछ नहीं. बस खाता खोलना है, अंगूठा लगाना है."

माझ्या अंगावर काटाच आला. तेच शब्द, त्याच चालीत. बॅगवाला बाबू डोळ्यापुढे उभा राहिला. गावातले लोकही घाबरलेच होते. कोणी म्हणे जमिनी जातील, कोणी म्हणे धर्म बदलायला लावतील, कोणी म्हणे मागून व्याजासकट मागतील. पण त्यांची भीती चार दिवसांत उतरली. माझी उतरेना, कारण माझी भीती शिकलेली होती. मी विचार केला: हा पैसा घेतला की सरकारदरबारी कुठेतरी नोंद लागणार, या माणसाला मदत मिळते. मग मिलचा वकील कोर्टात उभा राहून म्हणणार, याचं पोट तर भरतंय, याला देणी कशाला? एवढी वर्षं सांभाळलेला हक्क एका अंगठ्यात जायचा.

बायको म्हणाली, "अहो, तुम्ही नका लावू. मिल तुमची आहे. माझ्या नावावर कुठे मिल आहे? मी माझ्यापुरता लावते."

मी म्हणालो, "बाईचा अंगठा म्हणजे नवऱ्याचाच अंगठा. कोर्टात एकच धरतात."

"कोणी सांगितलं?"

"मला माहितीये."

"तुम्हाला माहिती नाही. तुम्हाला वाटतं. विचारून तरी या."

जोडीदार ओट्यावर बसून बिडी ओढत होता. तो म्हणाला, "भाभीजी, इसको रहने दो. मिल बंद हो गी, पण यो अभी तक गेट पे खड़ो है."

मी त्याला म्हणालो, "तू तर एकदा लावून बसलायस, तुझं काय जायचंय?"

त्याने बिडी विझवली आणि उठून गेला.

नावं नोंदवायला थोडेच दिवस होते. मी बस पकडून इंदूरला गेलो, युनियनच्या ऑफिसात विचारायला. मिलची भिंत होती तिथे मोठी जाहिरात लागली होती, फ्लॅटची. युनियनची खोली शोधत दोनदा त्याच गल्लीतून गेलो. तिथे मोबाइलचं दुकान झालं होतं. दुकानातल्या मुलाला विचारलं, इथे युनियन होती ना? तो म्हणाला, "कौन सी यूनियन, अंकल? रिचार्ज कराना है क्या?" समोरच्या चहावाल्याने ओळख दिली. त्याने सांगितलं, पुढारी गेला, दोन वर्षं झाली. बाकीचे कुठे बसतात, माहीत नाही.

मी पोहे खाल्ले. बसस्टँडवर बसलो, एक बस सोडली, दुसरी पकडली.

आता जे लिहितोय ते मी कोणाला सांगितलेलं नाही. घरी आलो तेव्हा ती चुलीपाशी होती. वळून म्हणाली, "काय म्हणाले?"

मी म्हणालो, "विचारलं. नको म्हणाले. पक्कं नको."

का म्हणालो? विचारायला कोणी उरलंच नाही, हे मला तोंडातून काढता येईना. ते बोललो असतो तर डब्यातला बिल्ला निव्वळ पितळ झाला असता. तिने 'बरं' एवढंच म्हटलं आणि ताट वाढलं. मी खोटं बोललो आणि नंतर पोटभर जेवलो, हेही लिहून ठेवतो.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी मी जोडीदाराच्या शेतात पाइप ओढत होतो. संध्याकाळी घरी आलो तर तिच्या पदराच्या टोकाला निळा-जांभळा डाग होता, अंगठ्याएवढा. मी विचारलं हे काय. म्हणाली, "जांभूळ. शाळेपाशी पोरांनी दिलं." मी बघितलं आणि सोडून दिलं.

मग पैसे यायला लागले. सगळ्या गावाला आले, आम्हाला नाही.

गावाचं एकदम काही सोनं झालं नाही. लोक म्हणत होते दारूत उडवतील. जे पीत होते ते तेवढंच पीत राहिले. बाकी बारीक बारीक फरक पडत गेला, आणि मला तो रोज दिसत होता. जोडीदाराच्या बायकोला आम्ही जीजी म्हणायचो. तिने आधी प्लास्टिकच्या चपला घेतल्या, मग एक शेळी. तिच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आता पानातून एक-एक संपायच्या. टेकडीखाली एक भिल्लाचं घर होतं. ते लोक दर दिवाळीनंतर दारात बाभळीचा काटा लावून गुजरातला मजुरीला जायचे. त्या वर्षी काटा लागला नाही. चूल पेटलेली दिसायची, पोरगी शाळेत जाताना दिसायची. बियाण्यासाठी लोक आधी सावकाराच्या शेतावर फुकट राबायचे, त्या साली बरेच जण रोख देऊन बी घेऊन आले. आणि बायका. बायका बँकेतून यायच्या तेव्हा जोरात बोलत यायच्या. तेवढा आवाज त्या गावात मी आधी ऐकला नव्हता.

दोन-तीन महिने झाले. कोणाची जमीन गेली नाही, कोणाचा देव बदलला नाही. मी एक दिवस, बायको निंदणीला गेलेली बघून, शाळेत गेलो. ती झोळीवाली पोरगी कसली तरी माहिती भरत होती. मी म्हणालो, "बेटा, दो नाम रह गए थे. लिख लो."

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "दादाजी, लिस्ट बंद हो गई. मैं तो खुद आपके घर दो बार आई थी."

"एकच लिख. बाईचं लिख."

"मेरे हाथ में नहीं है, दादाजी. सच में नहीं है." तिचे डोळे भरून आले. मी तिला म्हणालो, रडू नकोस, तुझी काय गलती. आणि घरी येऊन बायकोला काही सांगितलं नाही. सांगायचं तर आधीचं खोटं सांगावं लागलं असतं.

ती अर्धी गोळी खात राहिली. जीजी दोनदा पैसे घेऊन दारात आली होती. "ले बेन, पूरी गोली ला." माझ्या बायकोने घेतले नाहीत. म्हणाली, "जीजी, आमचं यायचंय मिलचं. आलं की तुलाच दुसरी शेळी घेऊन देते." जीजी म्हणाली, "थारी मिल आवे जद तक तो शेळी डोकरी हुई जाएगी." दोघी खूप हसल्या. मी आत बसून ऐकत होतो.

सोयाबीनच्या कापणीला सगळे शेतात होतो. कापून झालं की खाली खुंट राहतात, तिरके, खिळ्यासारखे. जीजीने आपल्या चपला काढून पुढे केल्या तर ही म्हणाली, माझे पाय मोठे. संध्याकाळी घरात शिरली आणि मला शेणाने सारवलेल्या जमिनीवर एका पायाचे लाल ठसे दिसले, दारापासून चुलीपर्यंत. मी म्हणालो, "अगं, पाय बघ." तिने तळवा उलटा करून बघितला. तिला कळलंच नव्हतं. साखरेने पायातली जाण गेली होती, आणि ती कधी गेली हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

हळद भरली. फडकं बांधलं. आठ दिवसांत पायाचा अंगठा काळा पडला. महूचा डॉक्टर आमच्यावर ओरडला, इंदूरला न्या, आजच न्या. जोडीदाराने जीप सांगितली. भाडं जीजीच्या त्या महिन्याच्या पैशांतून गेलं. ज्या पैशाला मी तिला हात लावू दिला नाही, त्याच पैशाच्या जीपमध्ये ती इंदूरला गेली.

मोठ्या दवाखान्यात आधी अंगठा कापला. मग पाय, घोट्यापासून. ते लोक चांगले होते, त्यांनी त्यांचं केलं. विष वर चढलं होतं. जायच्या आदल्या दिवशी तिने मला विचारलं, "क्लेमची तारीख कधी आहे?" मी म्हणालो, पुढच्या महिन्यात. तारीख वगैरे काही नव्हती. हे माझं दुसरं खोटं. ती म्हणाली, "आले की आधी जीजीला शेळी."

तेरावं झालं त्या दिवशी जीजी भांडी घासता घासता बोलली. तिला वाटलं मला माहीत आहे. म्हणाली, बेन आली होती की शेवटच्या दिवशी शाळेत. रांगेत माझ्या मागेच होती. महूला जाऊन फोटोपण काढून आणला होता, पापडाच्या पैशांतून. टेबलापाशी पोचली. पोरीने तिचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबला. कागदावर टेकवायचा तेवढा राहिला होता, आणि बेनने हात मागे घेतला. पोरगी म्हणाली, क्या हुआ माताजी? तर म्हणाली, "नहीं बेटा. हमारे ये इंदौर जाके पूछ के आए हैं." आणि पदराला अंगठा पुसून घरी गेली.

मी उठून बाहेर आलो. शाळेपाशी जांभळाचं एकच झाड आहे, ओट्यावरून दिसतं. नोंदणी झाली ते उन्हाळ्याचे दिवस होते, पाऊस लांब होता. त्या दिवसांत त्या झाडावर काही पिकलेलं नसतं. मला विचार करायला हवा होता. नाही केला.

त्या संस्थेचे पैसे ठरल्याप्रमाणे बंद झाले. शेळ्या राहिल्या, चपला झिजल्या. टेकडीखालच्या घराला दोन वर्षांनी परत काटा लागला. पोरगी शाळेतून काढली.

आणि मिलचे पैसे आले. हो, आले. इतकी वर्षं जो हक्क मी बिल्ल्यासकट डब्यात ठेवला, तो कोर्टातून सुटला. पूर्ण नाही, पण आला. इंदूरला बँकेत गेलो तेव्हा काउंटरवर एक तरुण बाई होती. तिने कागद पुढे केला. मी म्हणालो, "एक पूछना था. आमच्या गावात एक संस्था पैसे वाटत होती. ते मी घेतले असते, किंवा माझ्या बायकोने घेतले असते, तर यातून कटले असते का?"

तिने मान वर केली. "उसका इससे क्या लेना-देना, दादा?"

"काहीच नाही?"

"कुछ भी नहीं. यहाँ अंगूठा लगाइए."

मी लावला. मशीनने घेतला नाही. तीस वर्षं याच अंगठ्याने धागे वळले, रेषा राहिल्या नाहीत. चार वेळा पुसून पुसून लावायला लावला, मग ती म्हणाली, सही येते का? येते, म्हणालो. केली.

जीजीला शेळी घेऊन दिली. जोडीदार आता राहिला नाही. तो जायच्या आधी मी त्याला म्हणालो, तुला फाटकावर बोललो ते चुकलं. तो म्हणाला, "कब की बात ले के बैठ गयो भिया." बाकीचे पैसे बँकेतच आहेत. माझ्या एकट्याच्या पोटाला वयाचं पेन्शन पुरतं. तेही सरळ खात्यात येतं, बदल्यात काही नाही.

आता सरकार बायकांना दर महिन्याला पैसे देतं, म्हाताऱ्या झाल्या की पेन्शन. फोनवर मेसेज येतो. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना वाचता येत नाही, म्हणून त्या माझ्याकडे येतात. माझी पाचवी अशी कामाला येते. जीजी पहिली येते. फोन पुढे करते.

"आयो कई?"

मी वाचतो. "आला, जीजी."

"पूरो?"

"पूर्ण आला."

ती फोन पदरात गुंडाळते आणि गोळ्या आणायला महूची बस धरते. मग तिच्या मागची बाई पुढे येते.